बेतणं

निवडणुकीआधी मुफुलिराच्या बाजारात ट्रक येतो,
फाळक्यावरून कापड फेकतात.
दोन मीटरचा तुकडा, हिरवा, मध्ये साहेबांचा चेहरा,
काठाला बारीक अक्षरांत: देवाने निवडलेला.

बाया माझ्याकडे आणतात. बाना म्वेला, रविवारच्या आत दे.
मी टेप काढते. छाती बेचाळीस, कंबर अडतीस.
चेहरा दर पन्नास सेंटीमीटरवर परत येतो,
त्यामुळे कसंही बेता,
कात्री कुठेतरी मानेवरून जातेच,
नाहीतर चेहरा येतो नेमका बसायच्या जागी.
"जरा वर घे गं," पास्टरची बायको लुसुंगू म्हणते,
"अभिषिक्त माणूस. त्याच्यावर बसायचं कसं?"

पास्टर सिचोने सांगतात, हा दावीद आहे.
मागचा कोरेश होता: आपल्यातला नव्हता, तरी देवाने हाताशी धरला.
त्याच्या मागचा शलमोन, रस्ते बांधले म्हणून.
तिघांचीही कापडं मी शिवली.
शलमोन आता लादी पुसायला आहे.
कोरेशात मी नातवाला पाठीशी बांधते,
त्याच्या लाळेने एक डोळा पार फिका झालाय.

मला राजे कापडावरून आठवतात. काय करू, धंदाच तो.
हन्ना दरवर्षी एक छोटा झगा शिवायची
देवळात ठेवलेल्या पोरासाठी, माप न घेता.
वर्षभर दिसत नाही, तर वाढ किती धरायची?
तिने शिवणीत दोन बोटं जादा सोडली असणार.
तोच पोरगा म्हातारा झाला, आणि राजा मागणाऱ्यांना म्हणाला,
घ्या, पण तो तुमची पोरं नेईल,
पोरींना स्वयंपाकाला लावेल,
जमिनीतला चांगला तुकडा घेईल.
लोक म्हणाले, असू दे.
मग शौलाने त्याच म्हाताऱ्याचा झगा धरला, टरकन् फाटला.
मग दावीदाने गुहेत शौलाच्या झग्याचा काठ कापला,
आणि कापल्यावर त्याचं काळीज धडधडलं.

गोफणीचं सगळेच सांगतात.
मला ते धडधडणं पटतं.

जूनमध्ये ओढ्याकाठचे माझे वाफे,
रेपची भाजी, भोपळ्याची पानं, कांद्याची एक ओळ,
पक्षाच्या ऑफिसला गेले. कागद दाखवला, वर शिक्का.
मी पास्टरना विचारलं,
भाजी लावायला शेजाऱ्याचा मळा हवा म्हणून
रुसून, भिंतीकडे तोंड करून झोपला तो राजा कोणता?
तो अहाब, ते म्हणाले. तो वेगळा.
म्हटलं, चेहरा तर तोच आहे.
ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर सेंटा उतरला होता,
स्मेल्टरचा तो धूर, डोळ्यांआधी घशाला कळतो.
दोघंही खोकलो.
माणूस वाईट नाही. त्यांच्या कोटाचं अस्तर मी तीनदा बदललंय.
भिणाऱ्याची शिवण काखेत आधी उसवते.

आज शनिवार. लुसुंगूचा झगा टेबलावर.
चेहरा छातीवर घ्यायचा तर मान कापायला हवी,
मान वाचवायची तर कापड पुरत नाही;
पुरत नाही, कारण दोन मीटर म्हणून दिलेलं
भरतं एक मीटर नव्वद.
ते दहा सेंटीमीटर कुठल्या राजाने ठेवले, शास्त्रात सापडलं नाही.

नाबोथाच्या जिवावर बेतलं होतं.
मी नुसतं कापड बेतते.
हनुवटीखालून खडूची रेघ मारली,
कात्री उचलली, आणि हात थांबला.
भीतीने नाही. राजा म्हणूनही नाही.
यालाही कुणीतरी लहानपणी शिवलं असेल,
वाढेल म्हणून दोन बोटं सोडून.

वाढला की. केवढा वाढला.

मग कापलं.
धडधडलं थोडं.
उद्या लुसुंगू पहिल्या बाकावर बसेल,
आणि शिवण गळ्याशी आहे, दिसणार नाही.
आतून मी दोन बोटं सोडलीत.
पाच वर्षांनी उसवून त्याचं काहीतरी करता येईल,
उशीचा अभ्रा, निदान.